टकळी, टीव्ही आणि प्रोजेक्टर : शिक्षकामागे कोण उभे राहिले?

कॉलेजात प्रोजेक्टर बसतो तेव्हा फीत कापली जाते, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. नॅकची समिती येते तेव्हा 'आयसीटी-सुसज्ज वर्गखोल्या किती?' या रकान्यात एक आकडा वाढतो. पुढे एके दिवशी प्रोजेक्टरचा दिवा जातो, किंवा लॅपटॉपला एक वायर लागते आणि भिंतीतून दुसरीच निघते. समोर साठ मुले बसलेली, तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. अशा वेळी प्राध्यापकाने कुणाला हाक मारायची? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर कुणाकडेच नसते. सर खडू उचलतात आणि फळ्याकडे वळतात.

हा प्रश्न नवा नाही. वर्गात नवे साधन आले की शिक्षकाच्या मदतीला कोण, याचा विचार आपल्या वर्धा जिल्ह्यातच पंच्याऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी नीट मांडला गेला होता. तो मांडणाऱ्यांत एक मुस्लीम शिक्षणतज्ज्ञ पुढे होता. त्यांना आपण राष्ट्रपती म्हणून ओळखतो, पण त्यांचे हे काम फारसे ओळखत नाही.

वर्धा, ऑक्टोबर १९३७

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. काँग्रेसची मंत्रिमंडळे असलेल्या प्रांतांचे शिक्षणमंत्री आले होते. हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च भागावा, अशी गांधीजींची कल्पना होती. त्या सभेत दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू डॉ. झाकिर हुसेन उभे राहिले. वय चाळीस, बर्लिनची डॉक्टरेट. त्यांनी आदर राखून पण स्पष्टपणे सांगितले की कामातून शिक्षण ही कल्पना जगाला नवी नाही, अमेरिकेत आणि रशियात तिचे प्रयोग झाले आहेत. दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा होता. स्वावलंबनावर अतिरेकी भर दिला तर शिक्षक गरीब मुलांकडून काम उपसून घेणारा मुकादम बनेल, आणि मग टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, असा इशारा त्यांनी दिला.

गांधीजींचे मोठेपण असे की ज्याने शंका काढली, त्याच्याच हाती त्यांनी समिती सोपवली. झाकिर हुसेन अध्यक्ष, आर्यनायकम् निमंत्रक. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, आशादेवी यांच्यासारखे सदस्य. त्यांतच अलीगढच्या अध्यापक महाविद्यालयाचे ख्वाजा गुलामुस्सैय्यदैन होते. दीड महिन्याच्या आत, डिसेंबर १९३७ मध्ये, अहवाल तयार झाला.

हा अहवाल आजच्या 'आयसीटी'च्या चष्म्यातून वाचावा. टकळी हे त्या काळचे वर्गातले तंत्रज्ञान होते. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिली होती. सूत कातता कातता गणित यायचे : चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. कापसावरून शेती, हवामान, भूगोल, इतिहास. पण हे सगळे शिकवणार कोण? पुस्तक वाचून दाखवणाऱ्या मास्तरला हे आपोआप जमणार नव्हते. म्हणून समितीने शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम सुचवला आणि तातडीची गरज म्हणून एक वर्षाचा छोटा अभ्यासक्रमही आखला. शाळा तपासणाऱ्याने चुका काढत फिरू नये, सहानुभूतीने वाट दाखवावी, असाही आग्रह धरला.

म्हणजे साधन दोन-चार आण्यांचे, आणि ते हाताळणाऱ्याची तयारी तीन वर्षांची. आज हे प्रमाण उलटे आहे. साधन लाखाचे आणि प्रशिक्षण दोन तासांचे, तेही विकायला आलेल्या कंपनीच्या माणसाकडून, चहा-बिस्किटांसह.

१९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि झाकिर हुसेन त्याचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी जामियाने या पद्धतीच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र अध्यापक विद्यालय काढले. मुस्लीम लीगने या योजनेला कडाडून विरोध केला; मध्य प्रांतातल्या 'विद्यामंदिर' या नावावरून तर मोठा वाद पेटला. धार्मिक शिक्षणाला त्यात जागा नव्हती, हाही आक्षेप होता. त्या आक्षेपांत काही खऱ्या भीती होत्या आणि काही राजकारण होते. पण या गदारोळात एक गोष्ट आपल्या समाजाच्या लक्षात राहिली नाही : शिक्षकाला घडवण्याचा भाग लिहिणाऱ्यांत जामिया आणि अलीगढ दोन्ही होते.

'तालीम' या शब्दाचीही गंमत आहे. अरबीतून आलेला हा शब्द उर्दूत 'शिक्षण' झाला. मराठीत मात्र तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा, नाहीतर नाटकाची रंगीत तालीम. घाम गाळून पुन्हा पुन्हा केलेला सराव. वर्गातल्या साधनांबाबत शिक्षकाला आपला मराठी अर्थच जास्त हवा.

त्याआधी शब्दांची मदत

यंत्र येण्यापूर्वीही विद्यापीठातल्या अध्यापकाला एक अडचण असायची. स्वतःच्या भाषेत शिकवायचे तर शब्द कुठून आणायचे? हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात उभे राहिले. त्याच्या आधीच, १९१७ मध्ये, दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग सुरू केला गेला. त्याची सुरुवातीची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. हे तेच बाबा-ए-उर्दू, ज्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम बरीच वर्षे चालवले. भौतिकशास्त्र, वैद्यक, कायदा, गणित यांची पुस्तके उर्दूत आली. परिभाषा ठरवायला विद्वानांच्या समित्या बसत. जोश मलिहाबादींसारखा शायर त्या विभागात नोकरीला होता.

मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तिथल्या कित्येक मराठी घरांतली मुले या उर्दू पुस्तकांवरच शिकली. निजामी राजवटीबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो. पण प्राध्यापक वर्गात जाण्याआधी त्याच्या हातात पुस्तक आणि तोंडात शब्द असले पाहिजेत, ही समज तिथे होती. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने मराठी परिभाषा कोश काढले, त्यामागचे कारणही हेच.

टीव्ही आला, मदतनीस आला नाही

स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला. झाकिर हुसेन त्याचेही सदस्य होते. ग्रामीण विद्यापीठांच्या त्याच्या कल्पनेत नई तालीमचा धागा दिसतो. अध्यापकांसाठी उजळणी वर्ग असावेत, हेही या आयोगाने सांगितले. ते मोठ्या प्रमाणावर व्हायला मात्र १९८६ चे शैक्षणिक धोरण यावे लागले. त्यानंतर विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. अलीगढला निघाले, जामियात निघाले, वर्ध्याची कॉलेजे ज्याच्याशी जोडलेली आहेत त्या नागपूर विद्यापीठातही निघाले. पुढे त्यांची नावे दोनदा बदलली. हजारो अध्यापकांनी पहिल्यांदा माउस हातात धरला तो अशाच एखाद्या रिफ्रेशर कोर्समध्ये.

त्याआधीच, १५ ऑगस्ट १९८४ रोजी, विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट उपग्रहावरून 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केला. दूरदर्शनवर कॉलेजच्या मुलांसाठी कार्यक्रम दिसू लागले. पुण्याच्या विद्यापीठात ते तयार करणारे केंद्र होते. कार्यक्रम मेहनतीने केलेले असत. तरी लहान गावातल्या कॉलेजसाठी अडचणी साध्या होत्या : भाषा मुख्यतः इंग्रजी, वेळ ठरलेली, वीज बेभरवशाची आणि टीव्ही कुलूपबंद कपाटात. पडद्यावरचा धडा आपल्या अभ्यासक्रमाशी कसा जोडायचा हे प्राध्यापकाला समजावणारे शेजारी कुणी नव्हते. २००४ मध्ये एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला गेला. त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगात नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होते. आता प्रश्न विचारता येऊ लागले, पण वर्गातली डिश आणि तारा सांभाळणारा माणूस पुन्हा ज्याच्या त्याच्या नशिबावर.

उर्दू आणि मराठीची वेगळी परीक्षा

मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून हा भाग जवळून पाहिला आहे. इंग्रजीच्या प्राध्यापकाने संगणक उघडला आणि टाइप करायला लागला. मराठीवाल्याला आधी फॉन्ट शोधावा लागला. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले, श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर आली. पण एका फॉन्टमधली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची भेळ. युनिकोड रुळेपर्यंत हे चालू राहिले.

उर्दूचे तर आणखी कठीण. नस्तालीक लिपी तिरपी उतरते, अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर बसतात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या लिखाईवरून नूरी नस्तालीक संगणकावर आले आणि कातिबांच्या पिढ्यांचे काम यंत्राने उचलले. १९९४ च्या सुमारास इनपेज आले. छपाई सोपी झाली, पण इनपेजमधला मजकूर पॉवरपॉइंटमध्ये नेला की तो चित्र होऊन बसे; दुरुस्ती करायची तर पुन्हा पहिल्यापासून. उर्दूच्या अध्यापकाने स्लाइड केल्या नाहीत म्हणून 'हे लोक तंत्रज्ञानापासून लांब राहतात' असे बोलले गेले. त्याच्या संगणकात त्याची लिपीच नीट उमटत नव्हती, हे बोलणाऱ्यांनी पाहिले नाही. ज्यांनी नस्तालीकचे युनिकोड फॉन्ट आणि मोबाइलवरचे उर्दू कीबोर्ड घडवले, त्यांनी या अध्यापकांना एखाद्या मोठ्या सरकारी योजनेइतकीच मदत केली आहे.

एक नमुना जो चालला

सगळा इतिहास निराशेचा नाही. २००९ मध्ये केंद्र सरकारने माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचे राष्ट्रीय मिशन सुरू केले. त्यात मुंबईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या अभियांत्रिकी अध्यापकांना एकाच वेळी शिकवण्याचा उपक्रम हाती घेतला. व्याख्यान पवईहून थेट प्रक्षेपित व्हायचे. पण त्याआधी प्रत्येक दूरस्थ केंद्राचा समन्वयक आयआयटीत येऊन तयारी करून जायचा. कार्यशाळेच्या दिवशी तोच केंद्रावर उभा असायचा. आवाज गेला, प्रयोग अडला, शंका आली तर हात वर करायला समोर माणूस होता. त्याच आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकवले. यातले गमक १९३७ च्या अहवालाशी जुळते : आधी माणूस तयार करा, मग साधन चालू करा, आणि त्याच्या भाषेत बोला.

लॉकडाऊनचा आरसा

मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले आणि एका आठवड्यात प्रत्येक अध्यापक दूरदर्शन केंद्र बनला. झूम, गुगल मीट, युट्यूब. पंचावन्न वर्षांच्या मॅडमना स्क्रीन शेअर करायला कुणी शिकवले? त्यांच्या मुलीने, भाच्याने, किंवा विभागातल्या तासिका तत्त्वावरच्या तरुण सहकाऱ्याने. हा शेवटचा माणूस ध्यानात ठेवा. त्याला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. दुसऱ्यांच्या लिंक बनवणे, गुणांची एक्सेल शीट दुरुस्त करणे, नॅकसाठी फाइली अपलोड करणे, हे सगळे 'तुला जमतं ना बेटा' म्हणून त्याच्याकडे येते आणि त्याचा मोबदला शून्य. झाकिर हुसेन यांनी मुलांच्या श्रमाबद्दल जी भीती बोलून दाखवली होती, ती आज आपल्या कॉलेजांत या तरुण शिक्षकांच्या बाबतीत खरी होताना दिसते.

मग करायचे काय?

मोठ्या निधीची वाट न पाहता होण्यासारख्या गोष्टी आहेत. प्रत्येक इमारतीत एक ठरलेला माणूस, ज्याचा नंबर वर्गाच्या दारावर लिहिलेला असेल. तो तासिका तत्त्वावरचा असेल तर या कामाचे वेगळे मानधन. प्रत्येक यंत्राजवळ मराठीत, आणि जिथे उर्दू विभाग आहे तिथे उर्दूतही, एका पानाची सूचना. खरेदीच्या कागदातच दुरुस्तीची तरतूद, कारण विदर्भाच्या पंचेचाळीस अंशांत आणि विजेच्या लपंडावात यंत्र बिघडणारच. सत्र सुरू होण्याआधी रिकाम्या वर्गात अध्यापकांची तालीम, मराठी अर्थाची.

आपल्या समाजाच्या संस्थाचालकांना एक विनंती. उर्दू आणि अल्पसंख्याक कॉलेजांत स्मार्ट बोर्डची देणगी देणारे दाते भेटतात. त्यावर दात्याचे नाव कोरता येते. माणसाच्या पगारावर नाव कोरता येत नाही, म्हणून तिकडे हात आखडतो. जो दाता वर्षभर एका तंत्रसहायकाचा पगार देईल, त्याच्या पैशाने पन्नास वर्ग चालतील. सदका-ए-जारिया, म्हणजे देणाऱ्यामागेही चालू राहणारे दान, याला म्हणायला काही हरकत नसावी.

डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिपदावर असताना निधन झाले. त्यांच्या नावाच्या शाळा-कॉलेजे देशभर आहेत. त्यांतल्या किती ठिकाणी प्रोजेक्टर बंद पडल्यावर हाक मारायला माणूस आहे, हे या वर्षीच्या जयंतीला, ८ फेब्रुवारीला, भाषणांआधी विचारून पाहावे.