पाण्यावरचं बिऱ्हाड : इंग्लंडच्या कालव्यांवरची बोट-कुटुंबं

मराठीत आपण ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ हे दोन शब्द वेगळे ठेवतो. घर जागेवर असतं, बिऱ्हाड हलवता येतं. आज मी ज्या माणसांविषयी बोलणार आहे त्यांच्या बाबतीत हा भेद टिकत नाही. इंग्लंडच्या कालव्यांवर मालाच्या बोटी हाकणाऱ्या कुटुंबांचं बिऱ्हाड हेच त्यांचं घर होतं. ते घर आहे की नाही हे मात्र दुसरेच लोक ठरवत राहिले. आपल्याला तपासायचंय ते हे.

कालवे खणले गेले अठराव्या शतकात, कोळसा आणि कारखान्यांचा माल वाहून न्यायला. सुरुवातीच्या काळात पुष्कळ नावाडी काठावर घर ठेवून होते. १८३० नंतर रेल्वे आली, वाहतुकीचे दर कोसळले. मग नावाड्यानं काय करावं? मदतनीसाचा पगार आणि घराचं भाडं, दोन्ही वाचवण्याचा एकच मार्ग उरला : बायकोमुलांना बोटीवर आणणं. त्याआधीही काही कुटुंबं बोटीवर होती, पण आता ते प्रमाण वाढलं. म्हणजे या जीवनाच्या मुळाशी भटकंतीची हौस नव्हती, हिशेब होता. हे आधीच सांगतो, कारण पुढे या गोष्टीला जो गुलाबी रंग चढला त्यात हा हिशेब दिसेनासा होतो.

बोट सुमारे ७० फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद. बहुतेक सगळी लांबी मालासाठी. मागच्या टोकाला कुटुंबाची खोली, सुमारे १० फुटांची. दारातून खाली उतरलं की डाव्या हाताला कोळशाची शेगडी. तिच्या शेजारच्या कपाटाचं दार खाली पाडलं की झालं जेवणाचं टेबल. रात्री आडवा पलंग उघडायचा, सकाळी घडी करून भिंतीत. भिंतींवर लेस लावलेल्या शोभेच्या बशा, पितळेच्या चकचकीत मुठी, आणि दारांवर, पाण्याच्या डब्यांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले. इतक्या जागेत एवढी सजावट का, असं कुणी विचारेल. जागा इतकीच होती म्हणूनच, असं मला वाटतं.

पुढे इंजिनाची बोट मागे दुसरी बोट ओढू लागली, तिला ‘बटी’ म्हणत. बटीचं सुकाणू बहुधा बायकोच्या हाती. एक हात सुकाणूवर, लक्ष शेगडीवरच्या पातेल्यावर, आणि तान्हं मूल पाण्यात पडू नये म्हणून छपरावर दोरीनं बांधलेलं. मोठी मुलं लॉकची दारं उघडायला पुढे पळत. लॉक म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी हौदासारखी पायरी. मजुरी फेरीची मिळे, आणि ती नवऱ्याच्या नावावर. बायकोच्या कामाला वेगळी मजुरी नसे.

१८७५ साली जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकानं या लोकांवर पुस्तक लिहिलं. वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी तो आधी लढलेला होता. बोटीवर एक लाख माणसं राहतात, अज्ञानात आणि घाणीत, असं त्याचं म्हणणं. आकडा बराच फुगवलेला होता. पण ओरड पोकळ नव्हती. १८७७ साली कायदा झाला, १८८४ साली तो कडक झाला. बोटींची ‘निवासस्थान’ म्हणून नोंदणी सुरू झाली आणि निरीक्षक आत डोकावू लागले.

आता या कायद्याखालचं मोजमाप पाहा. बारा वर्षांवरच्या माणसाला ६० घनफूट मोकळी हवा, त्याखालच्या मुलाला ४०. मागची खोली किमान १८० घनफुटांची. करा हिशेब : नवरा-बायको १२०, एक मूल ४०, झाले १६०. दुसऱ्या मुलाला २० घनफूट कमी पडतात! शिवाय जोडपं झोपतं त्या खोलीत बारा वर्षांवरची मुलगी किंवा चौदावरचा मुलगा झोपता कामा नये. त्यामुळे मोठी मुलं बटीवर, नाहीतर नातेवाइकांच्या बोटीवर. कोंदट खोलीत रोग पसरतात, तेव्हा नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण कुटुंब किती मोठं असावं हे इथे हवेच्या मापानं ठरतंय, एवढं ध्यानात घ्या.

खरी गंमत शिक्षणाच्या कलमात आहे. गंमत म्हणजे, हसण्याजोगी नव्हे. कायदा म्हणाला, बोट ज्या गावी नोंदलेली असेल त्या गावचं रहिवासी मूल. कागदावर प्रश्न सुटला. पण बोट त्या गावी असायची किती दिवस? मूल एका शाळेत एखादा दिवस, पुढच्या गावी दुसऱ्या शाळेत अर्धा दिवस, तिथल्या मुलांची टिंगल सोसत. असंख्य बोटवाले निरक्षर राहिले ते असे. १९२९ साली संसदेत उलट टोकाचं विधेयक आलं : शाळेच्या वयाच्या मुलांना बोटीवर राहायलाच बंदी. ते संमत झालं नाही. आईबापांचा विरोध समजण्यासारखा होता. मूल काठावर ठेवायचं म्हणजे घर मोडायचं. पण मुलाच्या बाजूनं पाहिलं तर? अक्षर न येणाऱ्या मुलाला बोट सोडण्याचं स्वातंत्र्य होतं का? दोन्ही बाजूंना न्याय आहे, आणि तरी माझा कौल मुलाच्या बाजूनं पडतो. १९३० च्या दशकात लंडनजवळ वेस्ट ड्रेटनला ‘एल्सडेल’ या बार्जवर शाळा भरवली गेली. शाळाच पाण्यावर! मला यातला शहाणपणा कायद्याहून मोठा वाटतो.

१९३९ साली एल. टी. सी. रोल्ट नावाचा इंजिनीअर नव्या पत्नीसह ‘क्रेसी’ बोटीवर राहायला गेला. १९४४ साली त्याचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आलं आणि कालवे वाचवण्याची चळवळ उभी राहिली; १९४६ साली तिची संस्था झाली. पुस्तकात प्रेम आहे, निरीक्षण आहे. पण क्रेसीवर न्हाणीचा टब होता आणि शाळेत घालायचं मूल नव्हतं. युद्धात बोटी चालवायला आलेल्या शहरी मुलींनीही सुंदर आठवणी लिहिल्या. हे सगळे लिहिणारे बोट सोडून जाऊ शकणारे होते. ज्यांना जाता येत नव्हतं त्यांच्यातल्या फार थोड्यांनी लिहिलं, आणि का, ते आत्ताच आपण पाहिलं.

१९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, बोटी जागच्या जागी अडकल्या. १९६३ मध्ये सरकारी मंडळानं आपली बहुतेक नॅरोबोट वाहतूक बंद केली. ऑक्टोबर १९७० मध्ये साउथॉलच्या जॅमच्या कारखान्याला कोळसा पोचवणारी नियमित फेरी थांबली. बोटी राहिल्या. त्या सुट्टीच्या सहलींना लागल्या आणि घरभाडं परवडेना तेव्हा पुन्हा बिऱ्हाडांनाही. १९९५ च्या कायद्यानुसार कायमचा धक्का नसलेल्या बोटीनं एका जागी सलग १४ दिवसांहून अधिक थांबायचं नाही. किती अंतर हललं म्हणजे हललं, हे कायदा सांगत नाही. मुलं शाळेत जाणाऱ्या बोटवाल्या आईबापांचं भांडण आज नेमकं त्याच अंतरावरून चालू आहे.