कर्ता नसलेली वाक्यं

31 वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. प्रयोग शिकवताना मुलींना सगळ्यात जास्त मजा वाटायची ती अकर्तृक भावे प्रयोगाची. 'उजाडलं.' 'सांजावलं.' 'गडगडतंय.' "कोणी उजाडलं?" मी विचारायची. "कुणीच नाही, बाई. आपोआप!" मग फळ्यावर कर्त्याच्या जागी मी एक आडवी रेघ ओढायची. ती रेघ ओढताना दर वर्षी मला आमच्या नारायण पेठेतली दुसरी एक रेघ आठवायची. पुराचं पाणी ओसरल्यावर वडिलांनी भिंतीवर पेन्सिलीने ओढलेली, माझ्या तेव्हाच्या उंचीच्या दुपटीहून वर.

आमच्या पेठेत काळाचे दोनच भाग. पुराच्या आधी आणि पुरानंतर. लग्नं, बाळंतपणं, भाडेकरूंशी भांडणं, सगळं त्याच मापाने मोजायचं. पूर म्हटला की कुठला, हे कुणी विचारत नसे. 'पानशेत फुटलं तेव्हा' एवढं पुरे. व्याकरणाच्या बाईला या वाक्यात खोट काढता येत नाही. फुटणे हे अकर्मक क्रियापद, कर्तरी प्रयोग, कर्ता धरण. म्हणजे सगळ्या प्रकरणात गुन्हेगार एकच, ते मातीचं धरण. आणि तेही वाहून गेलेलं.

12 जुलै 1961, बुधवार. मी नऊ वर्षांची होते. शाळा भरली नव्हती की लवकर सुटली होती, ते आता आठवत नाही. आठवतो तो सायकलवरून ओरडत गेलेला एक माणूस. "धरण फुटलंय, पळा!" तो कुणी सरकारी माणूस नव्हता. आदल्या दिवसापासून शहरात कुजबुज होतीच, पण आमच्या गल्लीत भोंगा वाजवून सांगायला कुणी आलं नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितलं, तेवढीच काय ती सूचना. आईने धाकट्याला कडेवर घेतलं, मला मनगटाला धरलं आणि आम्ही शुक्रवार पेठेत मावशीकडे निघालो. वडील मागून आले. त्यांच्या हातात ट्रंक नव्हती, देव नव्हते. काखेत दुकानाची वही होती. आई त्यावरून पुढे कित्येक वर्षं बोलायची.

वडील बाइंडर होते. वाड्याच्या तळमजल्यावर पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे घर. खळीचं पातेलं, टोचा, जुजबंदीचा दोरा, कापडाचे तुकडे, आणि लोखंडी प्रेस, जिचं चाक फिरवायला मला मनाई होती. वकिलांची कायद्याची पुस्तकं, वाचनालयाचे फाटके अंक, कुणाच्या आजोबांच्या पोथ्या असं काय काय यायचं. पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलो तेव्हा प्रेस जागच्या जागी होती, चिखलात. पुस्तकांचं कपाट मात्र फुटलं होतं. कागद भिजला की फुगतो. बंद कपाटात तो इतका फुगला की दारं बिजागऱ्यांसकट बाहेर आली. कपाट फुटलं, इथेही कर्ता कपाट. पण वडिलांनी ते वाक्य कधी उच्चारलं नाही. ते म्हणायचे, "मी खालच्या कप्प्यात ठेवायला नको होती."

आता धरणाचं. पानशेत पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, आंबी नदीवर. त्याच्या खाली मुठेवर खडकवासला. ते इंग्रजांच्या काळातलं दगडी धरण, 1879 मध्ये पुरं झालेलं. पानशेतचं काम अजून चालू होतं. ते 1962 मध्ये संपायचं होतं. पण एक वर्ष आधीच, 1961 च्या पावसाळ्यात पाणी अडवायचं ठरलं. ठरलं! पाहा, मीही तेच लिहिते. ठरवलं कुणी? पाऊस आला तेव्हा विमोचकाची, म्हणजे पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीची दारं नीट चालत नव्हती. पोलादाची टंचाई म्हणून त्या मोरीच्या बांधकामात सळ्यांचं काँक्रीट न वापरता साधे काँक्रीटचे ठोकळे वापरले होते. मोरीवरचा मातीचा भराव खचू लागला. 11 तारखेच्या रात्री जवानांनी पावसात वाळूच्या पोत्यांची रास घातली. त्यांच्यामुळे धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं आणि पेठांमधली माणसं जागी असताना पाणी आलं. आमच्यासारखी पुष्कळ जण जिवंत आहोत ती त्या जवानांमुळे. पानशेतचा लोंढा खडकवासल्यावर आदळला. 82 वर्षं उभं असलेलं ते धरण दुपारी गेलं. लकडी पूल पाण्याखाली होता.

नंतर कित्येक दिवस नळाला पाणी नाही. खडकवासलाच गेल्यावर कुठून येणार? तेव्हा पेशव्यांच्या काळातले कात्रजचे हौद लोकांच्या कामी आले. आजी म्हणायची, "नानासाहेबांनी बांधलेलं टिकलं." आजीच्या वाक्यात कर्ता होता. पाणी आणणाऱ्याचं नाव दोनशे वर्षांनंतरही तिच्या तोंडात होतं. पाणी सोडणाऱ्याचं नाव मात्र दोन महिन्यांनंतरही कुणाला ठाऊक नव्हतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला. आधी न्यायमूर्ती बावडेकर. त्यांचं काम पुरं होण्याआधीच निधन झालं. मग न्यायमूर्ती नाईक. अहवाल आला 1963 मध्ये. पुराच्या वेळचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण तोवर दिल्लीत संरक्षणमंत्री झाले होते. चौकशी आयोगांचा कायदा 1952 चा. त्यात आयोगाने शोधायचं, सांगायचं, पण शिक्षा करायची नाही. अहवाल आल्यावर सहा महिन्यांत तो विधिमंडळापुढे ठेवायचा आणि त्यावर काय केलं हे सांगायचं, ही सक्ती कायद्यात आली तीही 1971 मध्ये. म्हणजे पानशेतनंतर दहा वर्षांनी. माझं सगळं आयुष्य पुण्यात गेलं. पानशेतबद्दल ज्याला शिक्षा झाली अशा एका माणसाचं नाव आमच्या पेठेत कुणालाही, कधीही सांगता आलं नाही. धरण पुन्हा बांधलं. आता त्याला तानाजीसागर म्हणतात. शौर्याचं नाव द्यायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

पंचनाम्याला आलेले एक कारकून मला स्पष्ट आठवतात. गुडघ्याएवढ्या चिखलात, लेंगा वर खोचून, पुठ्ठ्यावर कागद ठेवून लिहीत होते. वडील एकेक पुस्तक दाखवत होते. कारकुनांनी लिहिलं, 'भिजलेले कागद, रद्दी.' वडील म्हणाले, "रद्दी नाही, लोकांची पुस्तकं आहेत." कारकून शांतपणे म्हणाले, "मग तुमचं नुकसान कुठे झालं?" माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. त्यांच्याही हातात एक छापील नमुना होता आणि त्यात लोकांच्या पुस्तकांसाठी रकाना नव्हता.

त्या संध्याकाळी मावशीकडे कंदिलाच्या उजेडात वडिलांनी काखेतली वही उघडली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, पुस्तकं किती, शिलाई कसली, कापडी की पुठ्ठा, सगळं होतं. नवीन पान घेऊन त्यांनी वर लिहिलं, 'पुरात गेलेली. भरपाई मी करीन.' खाली 61 पुस्तकं. पुढची सात वर्षं ते अप्पा बळवंत चौकात रद्दीवाल्यांकडे जुन्या प्रती धुंडाळत हिंडले. मिळाली की बांधायची, गिऱ्हाइकाला नेऊन द्यायची आणि वहीत टिंब करायचं. एका कीर्तनकारांची पोथी मिळता मिळेना. ते बिचारे म्हणाले, "राहू द्या हो, पुराने नेली." वडिलांनी ऐकलं नाही. शेवटचं टिंब 1968 मधलं आहे.

मी मोठी झाले तशी ही वाक्यं मला सगळीकडे दिसू लागली. 'निर्णय घेण्यात आला.' 'दुर्लक्ष झाले.' 'चौकशी करण्यात येईल.' सरकारी मराठी म्हणजे कर्ता लपवणाऱ्या वाक्यांचं माहेर. पूर, दंगल, पडलेला पूल, जळालेलं रुग्णालय, सगळं आपोआप होतं, उजाडल्यासारखं. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. धरण गळतंय अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. राज्याच्या जलसंधारणमंत्र्यांनी कारण सांगितलं की खेकड्यांनी धरण पोखरलं. मी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि हसू की रडू कळेना. पानशेतनंतर 58 वर्षांनी शेवटी एका धरणाला कर्ता मिळाला होता, आणि त्याला दहा पाय होते. विरोधी पक्षाच्या लोकांनी खेकडे पकडून पोलीस ठाण्यात नेले, यांना अटक करा म्हणाले. लोक हसले. ज्यांची माणसं वाहून गेली ते हसले नसतील.

निवृत्तीनंतर मी माहितीच्या अधिकाराखाली एक साधा अर्ज केला. 1961 मधला आमच्या दुकानाचा पंचनामा मिळावा आणि त्यावर कुणाची सही आहे ते कळावं. मला त्या कारकुनांना जाब विचारायचा नव्हता. ते आता असतील तर माझ्याहून म्हातारे असतील. वडिलांच्या दुकानाबद्दल सरकारने जे लिहिलं, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. मुदतीत उत्तर आलं, ही आजच्या काळातली सुधारणा मानायला हवी. एका ओळीचं उत्तर होतं. 'सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाहीत.'

ते पत्र मी वडिलांच्या वहीत, त्या 61 पुस्तकांच्या पानासमोर लावून ठेवलंय. चिकटवायला खळच केली, डिंक नाही. मग जुन्या सवयीने लाल पेन घेतलं आणि उत्तराखाली लिहिलं: कर्ता ओळखा. (2 गुण)