डेरिक परेरा : गोव्याचा बचावपटू, मुंबई-पुण्याचा प्रशिक्षक

चोर्ला घाट उतरला की फुटबॉलचं राज्य सुरू होतं, असं बेळगावात गमतीनं म्हणतात. त्या राज्यातले डेरिक परेरा हे मोठं नाव. वास्कोच्या साळगावकर क्लबचे मध्यवर्ती बचावपटू म्हणून ते नावारूपाला आले आणि भारताकडूनही खेळले. साळगावकरने १९८८ आणि १९८९ असा सलग दोनदा फेडरेशन कप जिंकला, तो त्यांच्याच काळात.

खेळणं थांबल्यावर ते प्रशिक्षक झाले. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तेव्हा सूत्रं परेरांकडे होती. मुंबईच्या क्लबने ही लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

२००९ मध्ये ते पुणे एफसीकडे गेले. आय-लीगमध्ये नव्यानेच आलेला हा संघ पहिल्याच मोसमात तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. पुढे साळगावकर, पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, चर्चिल ब्रदर्स असा प्रवास झाला. २०१९ मध्ये २३ वर्षांखालील भारतीय संघ त्यांच्याकडे होता. डिसेंबर २०२१ मध्ये हुआन फेरांडो मोसम अर्ध्यावर सोडून गेले, तेव्हा एफसी गोवाने परेरांनाच पुढे केलं.

आता या कारकिर्दीचा ताळेबंद मांडून बघा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसीचा वरिष्ठ संघही गेला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये संपला. साळगावकरने २०१६ मध्ये आय-लीग सोडली. निकाल चांगले होते, तरी क्लब राहिले नाहीत. कारण क्लब कंपनीचा होता आणि कंपनीने हात आखडता घेतला की प्रशिक्षक काय करणार?

निपाणीपासून तासाभरावर असलेल्या कोल्हापुरात उलटं चित्र दिसतं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हे संघ तालमींचे, पेठांचे. पैसा कमी, पण शाहू स्टेडियम भरतं आणि संघ टिकतात. मात्र तिथे खेळून पोराच्या हाताला पगार लागेलच, याची खात्री नाही.

सीमाभागातल्या पोरांनी परेरांकडून एक गोष्ट घ्यावी. क्लब बुडाले तरी त्यांना नवं काम मिळत गेलं, कारण शिकवण्याचं कसब त्यांच्या स्वतःजवळ होतं. खेळता खेळताच प्रशिक्षकाचा परवाना काढून ठेवला, तर बूट उतरवल्यावरही मैदान सुटत नाही.