गेम बॉयची दुखणी

एखाद्या यंत्राचा इतिहास सांगावयाचा म्हणजे ते कोणी काढले, कोणत्या साली काढले आणि त्याचा खप किती झाला, एवढे सांगून आपण सहसा थांबतो. ते कोठे बिघडते आणि बिघडल्यावर कोणाच्या हाताने नीट होते, हे सांगावयाचे राहून जाते. वास्तविक यंत्र घडविणाऱ्याचा विचार त्या यंत्राच्या दुखण्यांतच अधिक स्पष्ट दिसतो. आज मी एका खेळण्याविषयी बोलणार आहे. परंतु खेळणे म्हणून ते क्षुल्लक नव्हे. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘गेम बॉय’ २१ एप्रिल १९८९ रोजी विक्रीस आला, आणि पुढे निघालेल्या त्याच्या रंगीत भावंडासह त्याचे ११ कोटी ८६ लाखांहून अधिक नग जगात खपले.

निन्टेन्डो ही १८८९ साली क्योतो शहरात स्थापन झालेली पत्ते तयार करणारी पेढी. तेथे १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण नोकरीस लागला तो पत्त्यांच्या कारखान्यातील यंत्रांची देखभाल करण्यासाठी. गेम बॉय ज्याच्या देखरेखीखाली तयार झाला तो हाच गृहस्थ. जे तंत्र जुने होऊन स्वस्त झाले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक झाले आहेत, तेच घ्यावे आणि त्याचा उपयोग मात्र नव्या दिशेने करावा, असे त्याचे सूत्र होते. यंत्राच्या पोटात हात घालून आयुष्याची सुरुवात केलेल्या माणसालाच हे सुचावे, असे मला वाटते.

त्याच १९८९ साली अमेरिकेत ‘अटारी लिंक्स’ निघाला. त्याचा पडदा रंगीत आणि प्रकाशमान. पण तो सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत फस्त करी. गेम बॉयचा पडदा हिरवट, छटा केवळ चार, आणि अंधारात तर काहीच दिसावयाचे नाही. परंतु चार सेलांवर तो पंधरा तास सहज चाले. १९९० साली आलेला सेगा कंपनीचा ‘गेम गिअर’ही रंगीत आणि तसाच खादाड होता. पुढे त्याच्या आतील कपॅसिटर पाझरू लागले, आवाज क्षीण झाला, पडदा मंदावला; आणि हे काम घरच्या माणसाच्या आवाक्यातले नव्हते.

गेम बॉयची दुखणी निराळ्या जातीची. पहिले दुखणे कॅसेटचे. यंत्र सुरू केले की कंपनीचे नाव वरून संथपणे खाली सरकते आणि टिंग असा नाद होतो. त्या क्षणी यंत्र कॅसेटमधून नावाचे चित्र वाचून आपल्याजवळील नमुन्याशी ताडून पाहते. फरक आढळला की जागीच थांबते. परक्या कारखानदारांना अटकाव व्हावा म्हणून ही योजना होती. प्रत्यक्षात मात्र ती वैद्याच्या हातातील नाडीसारखी उपयोगी पडली. नावाऐवजी नुसती काळी पट्टी उतरली, तर कॅसेट मुळीच वाचली जात नाही असे समजावे. अक्षरे विस्कटलेली दिसली, तर तिच्या काही पट्ट्या मळल्या आहेत.

यावर साऱ्या जगातील मुलांनी एकच उपाय शोधून काढला: फुंकर! क्योतोपासून न्यूयॉर्कपर्यंत कोणी कोणास न शिकवता तो पसरला, याचे मला नवल वाटते. गुण येई तो बहुधा फुंकरीने नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा बसविताना पट्ट्यांवरचा मळ खरवडला जाई त्याने. उलट श्वासातील ओलाव्याने धातू गंजतो, म्हणून कंपनीनेच फुंकर मारू नका असे बजावले. काडीला कापूस गुंडाळून तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवावा, पट्ट्या पुसाव्यात आणि पुरत्या वाळू द्याव्यात, हा खरा उपचार.

दुसरे दुखणे सेलांचे. खेळ आतच सेल ठेवून माळ्यावर टाकला की अल्कलाइन सेल पाझरतात आणि स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी पपडी धरते. तो द्राव क्षारधर्मी असल्यामुळे थोड्या व्हिनेगरने मारला जातो. मग पुसून कोरडे करावे. सेल नवे असूनही तांबडा दिवा मलूल होत असेल, तर स्प्रिंगा आणि चालू-बंद करण्याचा खटका तपासावा.

तिसरे दुखणे पडद्यावरील उभ्या रेषा नाहीशा होण्याचे. काचेला उष्णतेने चिकटविलेली एक लवचीक पट्टी असते. वर्षे गेली की तिची पकड सुटते. आतील त्या पट्टीवरून सोल्डरिंगची सळई बेताने फिरविली की रेषा परत येतात. उष्णता जास्त झाली, तर उरलेल्याही जातात! शिवाय पाठीमागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात. त्यांना साधा पेचकस लागत नाही. आपल्याकडे १९९०च्या दशकात गेम बॉयपेक्षा जत्रेत मिळणारा ‘ब्रिक गेम’च अधिक मुलांच्या हाती होता. त्याच्या वेष्टनावर ९९९९ खेळ छापलेले असत. मोजणाऱ्याला दहा-वीसच सापडत. अशा स्वस्त यंत्रांत काचेखाली पट्टेरी रबर असते. ते पुसून स्क्रू आवळले की पुष्कळदा काम भागे.

आता २०१७ सालच्या ‘स्विच’कडे पाहा. त्याच्या दांडीला हात न लावता पडद्यावरील पात्र आपोआप चालू लागते. दांडीच्या आत कार्बनच्या पातळ थरावर धातूची जीभ घासत असते; थर झिजला की यंत्राला नसलेली हालचाल भासते. येथे पुसून भागत नाही, भागच बदलावा लागतो. या दोषावरून २०१९ साली अमेरिकेत दावे झाले, जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष फुरुकावा यांनी झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली, आणि २०२३ साली युरोपात हमीची मुदत संपल्यावरही फुकट दुरुस्तीची व्यवस्था झाली. मळलेल्या पट्टीचा उपाय मुलाच्या हाती होता; झिजलेल्या दांडीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. योकोई यांनी १९९६ साली कंपनी सोडली आणि पुढच्याच वर्षी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला.

एक दुखणे मुद्दाम मागे ठेवले आहे. १९९६ साली जपानात ‘पोकेमॉन’ निघाला. शेकडो तास खेळून जमविलेले प्राणी लक्षात राहावेत म्हणून त्या कॅसेटमध्ये नाण्याएवढा एक सेल डाखलेला असतो. आतील स्मरणपेटीला सतत थोडी वीज हवी. ती तुटली की सारे पुसले जाते. १९९९च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या भागांत घड्याळही त्याच सेलावर चालते, त्यामुळे तो लवकर संपतो. खेळ नीट सुरू होतो, नाव उतरते, टिंग वाजते. केवळ मुलाने जमविलेले तेवढे नसते. कोणाच्या घरी अशी कॅसेट असेल आणि तिची आठवण अजून शाबूत असेल, तर सेल काढण्याआधी कॅसेट वाचणाऱ्या उपकरणाने ती माहिती संगणकावर उतरवून घ्यावी. मगच नवा सेल डाखावा, त्याची धन-ऋण बाजू पाहून, आणि उतरवलेली माहिती पुन्हा कॅसेटमध्ये भरावी. सेल आधीच संपला असेल, तर नवा बसविल्यावर कॅसेट पुन्हा लक्षात ठेवू लागेल, ती त्या दिवसापासून पुढचे.