आडनाव गेलं, देवक राहिलं

बंगळूरच्या यशवंतपुरात शेजारच्या घरचं लग्न होतं. आदल्या दिवशी दुपारी कल्याण मंटपात गेलो, तर नवऱ्या मुलाची आजी जिन्याजवळ चटईवर पालवी निवडत बसलेली. फुलवाल्यानं आणून टाकलेल्या भाऱ्यातली एक डहाळी तिनं उजेडात धरली आणि बाजूला सारली. "ही अरळी. अत्ती कुठंय?" अरळी म्हणजे पिंपळ, अत्ती म्हणजे उंबर. घरात मराठी बोलतात, पण झाडांची नावं पिढ्यान्‌पिढ्यांत कन्नड झाली आहेत. त्यांचं देवक पाचपालवीचं: आंबा, जांभूळ, उंबर, रुई आणि शमी. आजीच्या तोंडी मावु, नेरळे, अत्ती, एक्क, बन्नी. पिंपळ या यादीत नाही, म्हणून पोराला पुन्हा पिटाळलं.

'देवक' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. ब्राह्मणांकडे मुंजीला किंवा लग्नाला मातृकांची आणि कलशाची स्थापना होते, ते देवक. ते एकदा बसलं की उठेपर्यंत घराला सोयर-सुतक लागत नाही. मराठ्यांकडे आणि इतर अनेक जातींत देवक ही कुळाची खूणही असते. मोऱ्यांचं मोराचं पीस, कदमांचा कळंब, शिंद्यांची मर्यादवेल, पवारांची तलवारीची धार. पाचपालवी तर कितीतरी कुळांची, आणि त्यातली झाडं घरागणिक थोडी बदलतात. ज्याचं देवक कळंब, तो कळंबाचं लाकूड चुलीत घालत नाही. आडनाव एकच पण देवक निराळं असेल तर सोयरीक जमते. उलट आडनावं वेगळी आणि देवक एक निघालं, की ते भाऊबंद. बोलणी तिथंच थांबतात.

देवक आणण्याची रीत मला फार सुंदर वाटते. घरातलं एक जोडपं, पदराला उपरण्याची गाठ मारलेलं, मारुतीच्या देवळात जातं. डोक्यावर चौघांनी धरलेलं वस्त्र, पुढं वाजंत्री, हातातल्या ताटात कुऱ्हाड. ती कुऱ्हाड आता कशालाच लागत नाही, पालवी आधीच तोडून ठेवलेली असते. पण एके काळी याच जोडप्यानं रानात जाऊन आपल्या कुळाच्या झाडाची फांदी मागून आणली असणार. त्या चालण्याची आठवण कुऱ्हाडीनं जपली आहे, असं मी मानतो. परत आल्यावर डहाळ्या मांडवाच्या मेढीला बांधतात आणि त्यांची पूजा होते. कुळातले सगळे जिवंत-मृत तेवढा वेळ मांडवात हजर असतात.

कन्नड मुलखातला मराठ्यांचा इतिहास जुना आहे. इथले लोक त्यांना 'आरे' म्हणतात. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे आले, तिथला नायक केंपेगौडा याच्याकडून बंगळूर घेतलं गेलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीचं मुख्य ठाणं झालं. शिपाई, कारकून, पुराणिक, शिंपी, सगळे मागोमाग आले. जयराम पिंड्ये हा शहाजीराजांच्या दरबारातला कवी. त्याचा 'राधामाधवविलासचंपू' इतिहासकार राजवाड्यांनी 1922 मध्ये छापून काढला, म्हणून त्या दरबाराची श्रीमंती आपल्याला कळते. 1664 मध्ये शहाजीराजे होदिगेरे इथं वारले. पुढं त्यांचे पुत्र एकोजी तंजावरला गेले आणि 1687 मध्ये बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयारांकडे गेलं. सरदार गेले, पण पुष्कळ कुटुंबं राहिली.

त्या काळाची एक खूण यशवंतपूरपासून हाकेच्या अंतरावर आहे. मल्लेश्वरमचं काडु मल्लेश्वर. काडु म्हणजे रान. या देवासाठी एकोजीनं मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे. आज भोवती दुकानं आणि रहदारी, तरी देवळाच्या आवारात जुनी झाडं आणि त्यांच्याखाली नागाचे दगड आहेत. तिथं उभं राहिलं की कुऱ्हाड घेऊन रानात जाणारं जोडपं सहज डोळ्यांपुढं येतं.

राहिलेल्या माणसांचं पहिलं काय गेलं असेल, तर आडनाव. दक्षिणेत नाव लिहायची तऱ्हाच निराळी: आधी गावाचं अक्षर, मग बापाचं, मग आपलं नाव. शाळेच्या, पोलिसांच्या, रेल्वेच्या दप्तरात जाधव, शिंदे, पवार गळून पडले आणि मानाचा 'राव' तेवढा शेवटी उरला. ज्याला सारं जग रजनीकांत म्हणून ओळखतं, तो 1950 मध्ये बंगळूरच्या मराठी घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड. त्याचं गायकवाडपण निदान ठाऊक तरी आहे. हजारो रावांचं ठाऊक नाही. अशा घरांत सोयरीक जुळवताना म्हातारी माणसं विचारतात, "तुमचं देवक काय?" कागदानं पुसलेलं कूळ त्या एका प्रश्नात सापडतं.

आणि हा प्रश्न कन्नड शेजाऱ्यांना परका नाही. कुरुब धनगरांत कुळाला 'बेडगु' म्हणतात, उत्तर कन्नडच्या हालक्की वक्कलांत 'बळी' असते, तीही झाडांच्या नि प्राण्यांच्या नावांची, आणि एका बळीत लग्न होत नाही. इंग्रज अधिकारी एन्थोवेननं मुंबई इलाख्यातल्या या देवकांची आणि बळींची टिपणं केली आणि मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझरनं 1910 च्या आपल्या 'टोटेमिझम अँड एक्सोगॅमी' या ग्रंथात त्यांना जागा दिली. 'टोटेम' हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांचा. विद्वान त्याच चौकटीत देवक बसवतात. मला त्यापेक्षा आपला शब्द जवळचा वाटतो, कारण त्यात देव आहे आणि आपलेपणाचा छोटासा 'क' आहे.

उंबर संध्याकाळी आला. तोडलेल्या देठातून पांढरा चीक अजून गळत होता. आजीनं तो पदराला पुसला, पाची डहाळ्या एकत्र केल्या आणि हळदीच्या सुतानं सात वेढे दिले. मंटपात मेढ नव्हती, फरशीत खड्डा खणायला परवानगी नव्हती. मुलाच्या काकांनी सजावटीच्या लोखंडी नळीवरची साटीन वीतभर वर सरकवली. "इथं बांधा," आजी म्हणाली, "नळी दिसू दे. देवक झाकायचं नसतं."