चालतेंबोलतें वर्तमानपत्र

टपालाच्या गोंधळामुळें गांवास नवें नांव मिळाल्याचीं उदाहरणें विरळाच. वर्ध्याजवळचें सेवाग्राम हें त्यांपैकीं एक होय. १९३६ सालीं गांधीजी तेथें राहावयास गेले, तेव्हां त्या खेड्याचें नांव शेगांव असें होतें. परंतु बुलढाणा जिल्ह्यांतील गजानन महाराजांचें शेगांव आधींच प्रसिद्ध होतें. एका शेगांवचीं पत्रें दुसऱ्या शेगांवीं जाऊं लागलीं, म्हणून १९४० सालीं गांधीजींच्या गांवाचें नांव सेवाग्राम ठरलें. देशाचें सार्वजनिक बोलणें त्या काळीं टपाल, तार व छापखाना यांवर किती अवलंबून होतें, याची ही लहानशी खूण आहे.

या साधनांवर ज्याचा ताबा, त्याच्या मर्जीवर लोकांचें बोलणें, हाहि अनुभव वर्धा जिल्ह्यास त्याच वर्षीं आला. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं पवनार येथें युद्धविरोधी भाषण करून विनोबा भावे यांनीं वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला. उच्चारलेला शब्द हेंच त्या सत्याग्रहाचें शस्त्र होतें. गांवोगांव बोलत फिरणाऱ्या विनोबांना २१ तारखेस देवळी येथें अटक झाली. तोंवर 'हरिजन' साप्ताहिकास सरकारी सूचना आलीच होती कीं, या सत्याग्रहाचा वृत्तांत दिल्लीच्या मुख्य वृत्तपत्र-सल्लागारास दाखविल्यावांचून छापूं नये. गांधीजींनीं ही अट पत्करिली नाहीं. 'हरिजन' व त्याचीं हिंदी-गुजराती भावंडें त्यांनीं स्वतःच बंद ठेविलीं.

मग बातमी लोकांपर्यंत पोंचावी कशी? गांधीजींनीं उपाय सुचविला कीं, प्रत्येकानें स्वतःच चालतें वर्तमानपत्र व्हावें. मात्र त्यास एक अट जोडली: जें खात्रीनें कळलें असेल तेवढेंच शेजाऱ्यास सांगावें, रस्त्यावर डांगोरा पिटूं नये. सारें मर्म या अटींत आहे. तोंडीं बातमी सांगणारा माणूस ओळखीचा असे. ती खोटी ठरल्यास दुसऱ्या दिवशीं पारावर त्यास जाब विचारतां येई. छापील पत्रावर तर संपादक व मुद्रक यांचीं नांवेंच असत. एकूण, शब्दास धनी असे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सामान्य नागरिकांस इंटरनेट खुलें केलें. पुढें मोबाईल फोन स्वस्त झाले आणि गांधीजींची कल्पना अक्षरशः खरी ठरली. आतां बोलावयास ना छापखाना लागे, ना कोणा सल्लागाराची संमति. सत्तेची जुनी संवय मात्र सहजासहजीं सुटली नाहीं. २०१२ सालीं मुंबईंतील बंदविषयीं फेसबुकवर मजकूर लिहिणारी एक तरुणी व तो पसंत करणारी तिची मैत्रीण यांस पालघर येथें अटक झाली. त्यावरून देशभर चर्चा झाली, वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि २४ मार्च २०१५ रोजीं माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलम घटनाबाह्य ठरलें. नागरिकांच्या बोलण्याचा हा मोठाच विजय होता.

परंतु स्वातंत्र्य हातीं आलें आणि अट मागें पडली. २०१८ सालीं मुलें पळविणाऱ्या टोळ्यांची अफवा व्हॉट्सॲपवरून गांवोगांव पसरली. १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, सोलापूर जिल्ह्यांतून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांस जमावानें ठार मारिलें. तो मजकूर प्रथम कोणीं लिहिला, हें तो पुढें धाडणाऱ्यास ठाऊक नव्हतें. जाब विचारावयास कोणी उरलाच नव्हता. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें, धाडलेला मजकूर दुसऱ्याचा असल्यास तशी खूण दाखविण्यास आरंभ केला, आणि भारतांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं तो धाडण्यास मनाई घातली. उपाय योग्यच होता. पण यंत्रास वेग आवरतां येतो, खातरजमा करतां येत नाहीं. ती, ज्याच्या हातीं फोन, त्यानेंच करावयाची असते.

'हरिजन'चे जुने अंक आतां गांधी हेरिटेज पोर्टलवर खुले आहेत. ज्या फोनवर अफवा येते, त्याच फोनवर १९४० सालची ती अटहि वाचावयास मिळते.