वडिलांचा रेझर

दोन महिन्यांपूर्वी माळा आवरताना वडिलांचा सेफ्टी रेझर सापडला. राखेने घासला, दुधारी पातं आणलं आणि तेव्हापासून रोजची दाढी त्यानेच करतोय. मुलाने दिलेला तीन पात्यांचा रेझर कपाटात पडून आहे. पहिल्या आठवड्यात हनुवटीवर दोनदा कापलं, तुरटी फिरवली. आता जमतं. या रेझरला दाब नको, त्याचं वजनच पुरतं.

या साध्या वस्तूचा इतिहास मजेदार आहे. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतला फिरता विक्रेता. १८९५ मध्ये त्याच्या मनात आलं, वस्तऱ्याला धार लावत बसण्यापेक्षा पातळ पातं वापरून फेकून का देऊ नये? पण इतकं पातळ पोलाद कडक होईना. ते विल्यम निकरसन या अभियंत्याने जमवलं. १९०३ साली विकले गेले फक्त ५१ रेझर, पुढच्याच वर्षी नव्वद हजारांवर! पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांना रेझर दिले आणि आपली दाढी आपण करायची सवय घरोघर गेली.

आपल्याकडे मात्र दाढी ही बलुत्यातली गोष्ट. वस्तरा नाभिकाच्या हातात, पण तो कुणाच्या डोक्यावर चालवायचा हे ठरवणार गाव. विधवांचं केशवपनही त्याच्याच हातून. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं, की विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढावा होता. वर्गात ही गोष्ट मी आवर्जून सांगायचो. ज्यांना समाजाने हलकं मानलं, त्यांनीच समाजाला शहाणपण शिकवलं.

घरातली गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. मी लहान असताना नाभिककाका दर रविवारी आमच्या ओट्यावर येत. पैसे क्वचितच. वर्षाचं भात आणि हंगामात बोंबील, हाच हिशेब. वडिलांनी मुंबईहून हा रेझर आणला, त्या रविवारीही काका पेटी घेऊन आले. वडील गुळगुळीत गालांनी बाहेर आले. कुणी काही बोललं नाही. काकांनी माझी नखं काढली, चहा घेतला आणि गेले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. आम्हीही बोलावलं नाही.

रेझरने काकांना बलुत्यातून सोडवलं म्हणावं, की त्यांच्या पोटावर पाय दिला म्हणावं? मला दोन्ही खरं वाटतं. पुढे त्यांच्या मुलाने पालघरला सलून टाकलं. तिथे दर ठरलेला, पैसे रोख, कुणाच्या ओट्यावर ताटकळणं नाही. हे चांगलंच झालं. पण वडिलांनी त्या दिवशी दोन शब्द आधी बोलायला हवे होते. आरशासमोर उभा राहिलो की रोज तेच आठवतं.

असो. आमच्या सातपाटीच्या खाऱ्या हवेत पातं लवकर गंजतं. कुणी हा रेझर वापरणार असाल, तर दाढीनंतर पातं कोरडं करून त्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब सोडा.